निवडून टाकलेला बर्फ

तुरीची डाळ निवडण्यात माझ्या मायचा हात धरील अशी बाई आमच्या मोहल्ल्यात नव्हती. हे मी लेक म्हणून सांगत नाही. दालमिलचा मुकादम कोणाला चांगलं म्हटलं तर जीभ झडेल अशा स्वभावाचा माणूस, पण तोही म्हणायचा, "या बाईच्या सुपातून खडा गेला त मी मिशी उतरवतो." अकोल्यात जठारपेठेच्या मागच्या अंगाला आमच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत माय मिलमधून घरी आणलेली डाळ निवडायची आणि मागच्या खोलीत आम्ही राहायचो, असंच म्हणायला पाहिजे, कारण पुढची खोली माणसांपेक्षा डाळीचीच होती. सुपाचा सळसळ आवाज, त्यात मधेच बोटाच्या नखानं उडवलेला खडा परातीवर टण्णकन आपटायचा, आणि लांबून स्टेशनावर डबे एकमेकांना जोडल्याचा धडाम. हा आमचा रेडिओ. बाबा रेल्वेत पाइंटमन होते. गाडी कोणत्या रुळावर घ्यायची त्याचा खटका ओढण्याचं काम. घरी आले की बूट काढून दाराशी नीट जोडून ठेवायचे आणि विचारायचे, "भाकर झाली काय?" दुसरं काही विचारल्याचं मला फारसं आठवत नाही.

मी चार वर्षांची असल्यापासून मायच्या समोर बसून निवडायची. खडा बाजूला, टरफल बाजूला, किडका दाणा बाजूला, काळपट पडलेला बाजूला, फुटका बाजूला. पिवळी, टपोरी, एकसारखी डाळ तेवढी सुपात राहिली पाहिजे. पुढेपुढे असं झालं की डोळ्यांच्या आधी बोटं चालायची. मी शेजारणीशी बोलत बोलत निवडायची, अभ्यासाचे पाठ म्हणत म्हणत निवडायची. रविवारी विहारातून वंदना करून आलो की माय तुरीची डाळ घालून हिरव्या मिरचीची भाजी करायची, झणझणीत, सोबत ज्वारीची गरम भाकर. त्या डाळीतही मी पातेल्यात पडायच्या आधी एक नजर फिरवायची. बाबा म्हणायचे, "पोरीले डाक्टर करू नोको, पेशंटले बी निवडून ठेवन." आजही हॉटेलात वरण आलं की मी चमच्यानं आधी ढवळून पाहते. सून चिडते. चिडू दे.

भूगर्भशास्त्रात एम. एस्सी. करायला मी अमरावतीला जायची. सकाळची पॅसेंजर, बडनेऱ्याला उतरायचं, तिथून ऑटोनं कॉलेज. बाबांच्या पासवर प्रवास, म्हणून तोंड वर करून बसायची. परतताना गिला वडा खायचा आणि डबा उघडायचाच विसरायचा, मग घरी बोलणी. आमचे गावंडे सर उंच, किडकिडीत, शर्टाच्या खिशात कायम भिंग. शिकवताना शुद्ध बोलायचे आणि रागावले की सरळ वऱ्हाडीत शिरायचे, त्यामुळे वर्गाला अंदाज असायचा. त्यांच्या एका मित्राची समुद्रकाठी मोठी संस्था होती, म्हणजे तो तिथं शास्त्रज्ञ होता. तिकडून एक दिवस खोकं आलं. त्यात चाळीस पिशव्या, आणि प्रत्येक पिशवीत मूठभर राखाडी चिखल.

तो चिखल कुठला, तर खाली दक्षिणेकडे, हिंदी महासागर जिथं बर्फाच्या खंडाकडे उतरत जातो तिथल्या तळाचा. जहाजातून लांब नळी खाली सोडतात, ती तळाच्या गाळात रुतवतात आणि वर ओढतात. नळीत गाळाचे थर जसेच्या तसे येतात. वरचा नवा, खालचा जुना. एकेका पिशवीत एकेक थर. त्या गाळात पिठातल्या रव्याएवढे शंख असतात. एका पेशीचे जीव, पाण्यात तरंगायचे, मेले की तळाशी पडायचे. ज्या पाण्याला बर्फाची सोबत आहे तिथं एक बारका, जाड सालीचा, खडबडीत शंख राहतो. पाण्याला जरा ऊब आली, की दुसरे येतात, मोठे, फुगीर, छान गोल. त्या खंडावरचा बर्फ वाढला, पसरला, की गार पाणी उत्तरेकडे सरकतं आणि त्याच जागी खडबड्याची वस्ती होते. बर्फ मागे हटला की गोल मंडळी परत येतात. एकेका थरातले शंख मोजायचे आणि सांगायचं, या काळात बर्फ वाढत होता, या काळात हटत होता. सरांनी हे सांगितलं तेव्हा मी आ वासून ऐकत होते. मी तोवर बर्फ पाहिला होता तो गोळेवाल्याच्या गाडीवर, गोणपाटात गुंडाळलेला. समुद्र तर पाहिलाच नव्हता.

काम साधं होतं. चिखल बारीक चाळणीवर धुवायचा, वाळवायचा, उरलेली रेतीसारखी भुकटी काळ्या रंगाच्या, चौकोन आखलेल्या छोट्या थाळीत पसरायची. सूक्ष्मदर्शकाखाली थाळी ठेवायची, चार केसांचा ब्रश ओला करायचा आणि एकेक शंख त्याच्या टोकावर उचलून डिंक लावलेल्या काचेवर मांडायचा. एका पिशवीतले तीनशे. सरांनी पहिल्या दिवशी करून दाखवलं, म्हणाले, "समोर येईल तो घ्यायचा," आणि परीक्षांच्या कामाला निघून गेले. मी ब्रश हातात घेतला आणि पहिल्याच तासात माझा हात बसला. सर परत आले, काच पाहिली, म्हणाले, "अगं, मला हे जमायला दोन वर्षं लागली!" मी चार वर्षांची असल्यापासून हेच करत होते.

त्याच सुमाराला दोन गोष्टी एकदम झाल्या. सरांच्या मित्राचं पत्र आलं की संस्थेत संशोधनासाठी एक जागा आहे. यातल्या काही पिशव्यांचा गाळ त्यांनीही मोजला होता. अमरावतीची मोजणी त्यांच्या मोजणीशी जुळली तर ती जागा मोजणाऱ्याला, म्हणजे मला. आणि इकडे बार्शीटाकळीहून हुकूम आला. मी मागे कधीतरी दिलेल्या परीक्षेत पास होऊन तालुक्याच्या कचेरीत कारकून म्हणून लागले होते. बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा पेढे वाटले. मी त्यांना सरांच्या पत्राचं सांगितलं. ते म्हणाले, "हजर व्हाची तारीख महिन्याच्या आखरीले हाये. तोवर तुह्या समुद्राचं काय ते होऊ दे. नाई झालं त बार्शीटाकळी. मंग रडाचं नाई." मी म्हटलं, नाही रडणार. मायनं सुपातून मान वर केली, आम्हा दोघांकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. मला ती जागा हवी होती. किती हवी होती ते आता सांगायला लाज वाटते. मी विहारात डोळे मिटून बसायची आणि डोळ्यांसमोर शंख यायचे.

मी मोजत सुटले. सकाळची गाडी, संध्याकाळची गाडी, मधे सूक्ष्मदर्शक. डोळे चुरचुरायचे, मान आखडायची, पण काचा अशा सुंदर व्हायच्या की कॉलेजातल्या मुली बघायला यायच्या. टपोरे, पांढरे, काही किंचित गुलाबी, ओळीनं बसलेले. महिना संपायला दहा दिवस होते तेव्हा चाळीसावी पिशवी संपली. मी तक्ता करून सरांच्या टेबलावर ठेवला आणि शाबासकीसाठी उभी राहिले.

सरांनी तक्ता वरून खाली वाचला. मग खालून वर. मग चष्मा काढून पुसला. "कुंदा," ते म्हणाले, "तुझ्या या तक्त्याप्रमाणं त्या समुद्रात कधी थंडी पडलीच नाही. वरपासून खालपर्यंत सगळं ऊबदार. बर्फ वाढला नाही, हटला नाही, काहीच नाही." मी म्हटलं, "नसेल वाढला, सर." असं खरंच म्हटलं मी! आज आठवलं की कानाची पाळी गरम होते. सरांनी काच क्रमांक एकवीस सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. बराच वेळ बघत राहिले. आणि मग ते वऱ्हाडीत शिरले.

"काय वं, समुद्राच्या बुडाले इतकं झाडूनपुसून कोन ठेवते? एक फुटका नाई, एक मळका नाई, रेतीचा एक कन नाई. लग्नाच्या पंगतीतला भात हाये काय हा?"

"मी साफ केलं ना, सर," मी म्हटलं. "काडीकचरा बाजूला काढला."

"कोनता काडीकचरा?"

मी सांगू लागले. बारके, खडबडीत, साखरेच्या चुऱ्यासारखे दिसणारे, काळपट झालेले, फुटलेले, आणि मधे मधे येणारे टोकदार खडे. सांगता सांगता माझा आवाज बसत गेला. बारका, जाड सालीचा, खडबडीत. सरांनी पहिल्या दिवशी ज्याचं चित्र फळ्यावर काढलं होतं तोच. मी त्याला ओळखत होते, नाव पाठ होतं, परीक्षेत लिहून गुण घेतले होते. पण थाळीत तो समोर आला की माझ्या बोटांनी त्याला किडका दाणा समजून बाजूला सारलं होतं, चाळीस पिशव्यांमधून, आणि मला पत्ता नव्हता. सर खुर्चीत मागे टेकले. "आणि ते खडे," ते आता पुन्हा शुद्ध बोलत होते, फार हळू, "तिथून जवळ ना नदी ना किनारा. मग भर समुद्रात खडा येतो कुठून? बर्फ जमिनीवरून सरकताना खडे पोटात घेतो, त्याचे डोंगर तुटून समुद्रात तरंगत जातात, वितळतात आणि खडे खाली सोडतात. तू बर्फच निवडून टाकलास, पोरी."

मी स्टुलावर बसले. सर म्हणाले, "फेकलंस ते सगळं?" त्यांच्या तोंडाकडे पाहून मला कळलं की उत्तराची त्यांनाही भीती वाटते आहे.

"नाही," मी म्हटलं. "पुड्या केल्यात."

मिलमध्ये रिवाज होता. बाईनं गोणीतली डाळ घरी न्यायची, निवडायची, आणि परत आणताना साफ डाळ वेगळी आणि निघालेली घाण वेगळी, दोन्ही आणायची. दोन्ही मिळून गोणीचं वजन भरलं पाहिजे, नाहीतर बाईनं डाळ घरी ठेवली असा संशय. माझ्या मायनं कधी खडासुद्धा अंगणात टाकला नाही. मीही वर्तमानपत्राच्या चाळीस पुड्या बांधून, वर पिशवीचे आकडे घालून, प्रयोगशाळेच्या खालच्या कप्प्यात ठेवल्या होत्या. का ठेवल्या हे कोणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. ठेवायच्या असतात, एवढंच. सरांनी कप्पा ओढला, पुड्या पाहिल्या, आणि टेबलावर डोकं ठेवून हसायला लागले. मला आधी वाटलं रडताहेत. "सारा बर्फ पुड्यात बांधून ठेवला व माय," ते म्हणत होते, "सारा बर्फ!" मलाही हसू आलं, आणि मग हसता हसता मी भोकाड पसरलं. किती मोठा दगड छातीवरून उतरला म्हणून सांगू! पण दिवस दहाच होते.

घरी येऊन मी खरं ते सांगितलं. माय निवडत होती. तिला सांगायची मला फार लाज वाटत होती, कारण ती शेजारपाजारी सांगत फिरायची की माह्या हाताचं कसब पोरीच्या कामी येऊन राहिलं. तिनं ऐकलं आणि हातातलं सूप खाली ठेवलं. "अवं, डाळ खायची असते म्हनून निवडतो आपन," ती म्हणाली. "ते काय खायचं होतं? तुले मोजाले सांगतलं होतं न? मंग मोजाचं. जो हाये तो हाये. त्यात बरावाईट पाहनारी तू कोन?" मी इतकी मोठमोठी माणसं पुढे पाहिली, जहाजावर गेले, खरा बर्फ पाहिला, त्याच्या समोर उभं राहून उलट्याही केल्या, पण माझ्या कामाबद्दल याहून नेमकं मला कोणी सांगितलं नाही. विद्यार्थ्यांना मी हेच सांगत आले, फक्त मायचं नाव न घेता. इथं घेतलं.

बाबांनी मात्र एकच विचारलं, "बर्फ निघालाच नाई म्हनतं? मंग गेला कुठं?" मी म्हटलं, "मी कचऱ्यात काढला, बाबा." त्यांनी अर्धी भाकर ताटात ठेवली आणि उठले. आमच्या घरात ताटात भाकर कोणी ठेवत नसे. मला वाटलं, संतापलेत. वाटलं, आता बार्शीटाकळी पक्की.

काचेवरचे शंख पाण्यानं सोडवायचे, प्रत्येक पिशवीचं साफ आणि घाण पुन्हा एकत्र करायचं, हलवायचं, थाळीत पसरायचं आणि डोळे मिटल्यासारखं जे येईल ते उचलायचं. सांगायला सोपं. माझी बोटं ऐकेनात. खडबड्या आला की ब्रश आपोआप त्याला ढकलायचा, मी परत ओढून आणायची. "ये बाबा, बस," असं म्हणून त्याला काचेवर बसवायची. वेळ नव्हता म्हणून सरांनी ज्या पिशव्या संस्थेनंही मोजल्या होत्या त्याच आधी घ्यायला लावल्या. ते स्वतः शेजारच्या खुर्चीत बसून आकडे लिहून घेत, आणि माझा ब्रश थबकला की खोकत. तिसऱ्या दिवशी तक्ता बदलायला लागला. वरच्या थरात गोल शंख, मग हळूहळू खडबडे वाढत गेलेले, मग बहुतेक तेच आणि सोबत खडे, मग पुन्हा गोल, आणि अगदी खाली परत खडबडे. बर्फ वाढला होता, हटला होता, त्याच्या आधीही एकदा वाढला होता. मी खुर्चीतून उठून खोलीभर फिरले. आज फोनवर नातू मला बर्फाचे कडे समुद्रात कोसळतानाचे व्हिडिओ दाखवतो, विचारतो, आजी, हे पहिल्यांदा होतंय का? मी सांगते, नाही रे, पण आता घाई जास्त दिसते.

आकडे तारेनं आणि पत्रानं, दोन्ही मार्गांनी गेले. उत्तर येईना. महिन्याची आखरी तारीख आली. बाबांची ड्यूटी दोनला सुटणार होती, तीनच्या बसनं आम्ही दोघं बार्शीटाकळीला जाणार होतो. मी आंघोळ करून, मायनं इस्त्री केलेली साडी नेसून, हुकमाचा कागद पिशवीत घालून बसले होते. रडायचं नाही असं कबूल केलं होतं, म्हणून डाळ निवडत बसले होते. मायही समोर होती. एक वाजून गेला असेल, आणि सायकलची घंटी वाजली. माय दचकली. बाबा ड्यूटी सोडून मधेच कधी घरी आलेले आम्ही पाहिलेच नव्हते. त्यांनी सायकल भिंतीला टेकवलीसुद्धा नाही, अंगणात पाडली, आणि बुटांसकट आत आले, सरळ डाळीच्या खोलीत.

"तुह्या सरचा निरोप आला," ते धापा टाकत म्हणाले. आमच्याकडे फोन नव्हता. संस्थेचा फोन कॉलेजात आला, तशी सर स्कूटर घेऊन बडनेऱ्याला गेले आणि तिथल्या स्टेशनावर हातापाया पडून रेल्वेच्या फोनवरून अकोल्याच्या केबिनला निरोप द्यायला लावला. तो फोन गाड्यांसाठी असतो. बाबांच्या साहेबांनी उचलला, त्यांना वाटलं गाडीचंच काही. "म्हने, कुंदाची मोजनी जुळली. मले काई समजलं नाई. मी म्हनलं, साहेब, पुन्हा विचारा. त्यायनं पुन्हा विचारलं. मंग म्हनलं, आनखी एकडाव विचारा. जुळली म्हनते, पोरी."

मायनं हात जोडले आणि तोंडावर पदर घेतला. मी उभी राहिले, मांडीवरची डाळ सगळीकडे सांडली. मला आनंदापेक्षा मोकळं वाटलं, इतकं मोकळं की पाय हलके झाले. पण बाबा तिथंच उभे, बूट डाळीत, कपाळावर आठ्या तशाच. "मंग," त्यांनी विचारलं, "बर्फ होता?"

"होता, बाबा."

"पक्का होता?"

"पक्का. दोनदा आलता, दोनदा गेला."

बाबा मटकन खाली बसले. त्या दहा दिवसांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा सैल पडलेला मी पाहिला. "मले घोर लागला होता व," ते म्हणाले. "आपल्या पोरीच्या हातून एवढा मोठा बर्फ हरपला, आता लोकायले काय सांगाचं, म्हनून रोज खटका ओढतानी हेच डोक्यात. भाकर गोड लागे ना." मला वाटत होतं त्यांना कारकुनीची काळजी आहे. त्यांनी कपाळ पुसलं आणि हात पुढे केला. "तो हुकूम दे इकडं. बसची वेळ हाये अजून. कचेरीतल्या साहेबाले मी जाऊन सांगतो, पोरगी येत नाई म्हनून. तू नोको येऊ. तू तुही मोजनी कर."